सान सेबास्तियानची ला कोंचा पुळण: वाळू नक्की कधी असते?

पुळणवेडी
नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पॅरिसहून स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, सान सेबास्तियानला दोन रात्री जातोय. सोबत सत्तरीतले सासू-सासरे (सासूबाईंचे गुडघे दुखतात) आणि पाच वर्षांची मुलगी. ला कोंचाचे फोटो बघून गोंधळ झालाय. एकात क्रिकेटचं मैदान मांडता येईल एवढी वाळू, तर दुसऱ्यात पाणी थेट भिंतीला टेकलेलं. खरं कुठलं? आगगाडी कुठे बदलायची? आणि शाकाहारी माणसाने खायचं काय? अंडं चालतं.

भांगउधाण
दोन्ही फोटो खरे, फक्त सहा तासांच्या अंतराने काढलेले. पुळण साधारण १३५० मीटर लांब, रुंदी सरासरी ४० मीटर. पण ती सरासरी कुठल्याच वेळी दिसत नाही. उतार अगदी कमी आणि उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास) भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर, म्हणजे मुंबईसारखाच. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या सुमारास) तो दीडेक मीटरवर येतो. त्यामुळे हॉटेलच्या आधी तिथी बघा.

कोकणातला हिशेब माहीत असेलच: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहा वाजता भरती. सान सेबास्तियानला त्या उत्तरात साडेपाच तास मिळवा. अष्टमीला भरती साडेअकराच्या सुमारास आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाचला. पौर्णिमा-अमावास्येला उलट: सकाळी अकराच्या आसपास वाळूच वाळू आणि संध्याकाळी पाचच्या पुढेमागे पाणी भिंतीजवळ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक पाहा. हिशेब दिवस निवडायला, कोष्टक वेळ ठरवायला.

लहान मुलीसाठी भांगाचे दिवस बरे. वाळू दिवसभर उरते आणि पाणी सावकाश सरकतं. उधाणाच्या दिवशी आलात तर सतरंजी पाण्याजवळ पसरू नका. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच जवळजवळ निम्मं पाणी चढतं. पहिला तास काही हललं नाही म्हणून माणसं निर्धास्त होतात आणि तिसऱ्या तासाला चपला तरंगतात.

पोहायला हा उपसागर शांत, कारण तोंडावर सांता क्लारा बेट आहे आणि दोन बाजूंना उर्गुल आणि इगेल्दो हे डोंगर. लाटा तिथेच मोडतात. नदीपलीकडची सुरियोला पुळण मात्र उघड्या समुद्रावर आहे. ती सर्फिंगवाल्यांची, पोरीला तिथे नेऊ नका. ऑगस्टात पाणी २०-२२ अंश असतं. आपल्याकडच्या सवयीने ते गारच, दहा मिनिटांनी मुलीचे ओठ निळे दिसले की बाहेर काढा. हिरवा, पिवळा, लाल बावटा बघूनच उतरा.

रुळावरून
गाडीचं सांगतो. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून थेट ऑंदायची तेजेवे (फ्रान्सची वेगवान गाडी) घ्या, पाच तासांच्या आतबाहेर. ऑंदाय हे फ्रान्सचं शेवटचं स्थानक. बाहेर पडलात की शेजारीच एउस्कोट्रेन या स्थानिक रेल्वेचं छोटं स्थानक दिसेल. तिकीट यंत्रावर काढायचं आणि 'तोपो' नावाच्या गाडीने दोनोस्तियाच्या आमारा स्थानकाला उतरायचं, चाळीसेक मिनिटं. पाट्यांवर सान सेबास्तियानचं स्थानिक बास्क भाषेतलं नाव दोनोस्तिया असतं, त्यावरून घाबरू नका. तोपो म्हणजे चिचुंद्रीसारखा बिळं करणारा प्राणी. बोगद्यांतून जाते म्हणून हे नाव. शेंगेनची (एरवी पासपोर्ट न तपासता ओलांडायची) हद्द असली तरी सीमेवर फ्रेंच पोलीस कधीकधी कागद बघतात. पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

गुडघ्यांसाठी: पुळणीवरचा रस्ता पूर्ण सपाट आहे आणि खाली उतरायला पायऱ्यांखेरीज उतारही आहेत. तो पांढरा लोखंडी कठडा १९१६ चा; शहराची ओळखच. ला कोंचाच्या पश्चिम टोकाला खडकाचं नाक पुढे आलंय, त्याच्या डोक्यावर मिरामार राजवाडा. पलीकडे ओंदारेता पुळण. ओहोटीला खडकाला वळसा घालून वाळूवरून जाता येतं. चूक अशी होते: ओहोटीला जातात, ओंदारेताला दोन तास लोळतात आणि परतताना वाट पाण्याखाली. घाबरायचं कारण नाही, वर या आणि राजवाड्याखालचा बोगदा धरा. ओंदारेताच्या पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या-तंबूंत रिकामी खुर्ची दिसली म्हणून सासूबाईंना बसवू नका. ते हंगामासाठी आधीच दिलेले असतात.

भांगउधाण
एक राहिलं. ओंदारेता संपते तिथे शिल्पकार चिलिदाची 'वाऱ्याचा कंगवा' ही खडकात रोवलेली पोलादी शिल्पं आहेत, १९७७ ची. तिथे जमिनीला भोकं आहेत, त्यांतून लाट आली की हवा आणि फवारा उसळतो. हे भरतीलाच. ओहोटीला गेलात तर भोकं गप्प असतात आणि मुलगी नाराज. म्हणजे क्रम असा: वाळू ओहोटीला, कंगवा भरतीला. वादळी हवेत मात्र तिकडे फिरकायचं नाही. इगेल्दोवर चढायची फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी डोंगरगाडी, १९१२ ची) तिथून जवळच; सबंध शिंपल्याचा आकार दिसतो तो वरूनच. कोंचा म्हणजे शिंपला.

मिठाचाखडा
खाण्याबद्दल. 'व्हेजिटेरियन' एवढंच म्हणून भागत नाही. हॅम आणि टूना यांना तिथे बरेच जण मांस-मासे धरत नाहीत. मोजून सांगा: सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, सिन आतून (मांस, मासे, हॅम, टूना नको).

निश्चिंत खाण्यासारखं: तोर्तिया दे पातातास (बटाटा-अंड्याचं जाड ऑम्लेट) आणि गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या तळून वर जाड मीठ. तिखट नसतात, सासऱ्यांना लोणचं न्यावं लागेल. फसवे पदार्थ असे: भरलेली लाल मिरची दिसते आपल्यासारखी, पण आत बहुधा कॉड मासा. एन्सालादियात (बटाट्याचं सॅलड) टूना. मसूर मागवली तर डुकराच्या मांसाचं चोरिसो सॉसेज तळाशी. काडीवरची 'खिल्दा' म्हणजे ऑलिव्ह, मिरची आणि मधे अँचोव्ही मासा. इदियासाबाल चीझ पारंपरिक पद्धतीने कोकराच्या रेनेटने (पोटातून काढलेल्या विरजणाने) विरजतात, काटेकोर पाळत असाल तर वर्ज्य.

जुन्या गावातल्या बारमध्ये काउंटरवरची थाळी स्वतः उचलण्याआधी विचारा. गरम पदार्थ फळ्यावर लिहिलेले असतात आणि मागवल्यावरच होतात. बऱ्याच स्वयंपाकघरांना दुपारी चार ते संध्याकाळी आठ सुट्टी. मुलीला सहाला भूक लागते, तेव्हा तोर्तिया आणि फळं खोलीत ठेवा. ३१ दे आगोस्तो रस्त्यावरच्या 'ला विन्या'चा चीजकेक वरून जळका दिसतो. तो तसाच असतो, परत करू नका.

पुळणवेडी
सगळ्यांचे आभार. तिथी काढली, आम्ही पोचतो त्या दिवशी सप्तमी. म्हणजे भरती साधारण पावणेअकराला?

भांगउधाण
बरोबर. सकाळी कंगवा, जेवून झोप, चारनंतर वाळू. सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, घाई नाही. सप्तमीला हिशेब सगळ्यात जास्त चुकतो, तेवढं कोष्टक बघून घ्या. आणि कधी हिवाळ्यात जाणं झालं तर तिथली घड्याळं एक तास मागे असतात, तेव्हा साडेपाचऐवजी साडेचार मिळवा.