पॅरिसचं ओतेल पार्तिक्युलिए आणि आपला वाडा: जुनं काम आणि नंतरची भर कशी ओळखायची?

वाडा_नोंदवही: आर्वी तालुक्यातल्या एका दोन चौकी वाड्याचा नकाशा काढणं सुरू आहे. तुलनेला पॅरिसचं ओतेल द सुली घेतलं. त्याचं मुख्य घर रस्त्याला लागून नाही, अंगणाच्या मागे आहे. असं का? आणि वाड्यात मूळ काम कोणतं, नंतरचं कोणतं, हे कसं ठरवावं? खालचा गिलावाही सुटतोय.

ढेलज: ओतेल म्हणजे इथे लॉज नव्हे, बड्या माणसाचं शहरातलं खासगी घर. रस्त्यावर घोडागाडी आत जाईल एवढा दरवाजा, मग अंगण, मग मुख्य घर आणि मागे बाग. घराला पुढून-मागून दोन्हीकडून उजेड मिळतो आणि रस्त्याचा गलबला दूर राहतो. आपला वाडा चौकाला चारही बाजूंनी वेढतो. ओसरी आत बघते, बाहेरची भिंत जवळपास मुकी. म्हणून दोन्हींत अंगण असलं तरी मांडणी एक नव्हे. सुलीचं काम 1625 च्या सुमारास एका सावकारासाठी सुरू झालं, 1634 मध्ये सुलीच्या ड्यूकने ते विकत घेतलं आणि 1660 च्या सुमारास बागेकडे नवी बाजू जोडली गेली. म्हणजे तिथेही एकच साल लिहून भागत नाही.

तुळई_खाच: आधी सांधे बघा. जोत्यापासून वरपर्यंत उभी सरळ रेघ, दोन्हीकडच्या विटा एकमेकींत न गुंतलेल्या, तर ती भर नंतरची. दोन्ही बाजूंच्या दहा-दहा विटा मोजा. माप बदललं तर शंका पक्की. तुळईत रिकामी खाच असेल, पण तिथे काहीच बसत नसेल, तर ते लाकूड बहुधा दुसरीकडून आलेलं. नुसत्या कोरीव चौकटीवरून काळ ठरवू नका, चौकटी उचलून दुसरीकडे बसवतात. पॅरिसच्याच कार्नाव्हाले या ओतेलात 1548 ला सुरू झालेलं काम आणि 1660 च्या दशकातली फ्राँस्वा मांसार या वास्तुकाराची भर एकाच घरात आहेत. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. काटकोन गृहीत धरला की नकाशा शेवटी जुळत नाही.

चुना_घाणी: गिलाव्याला सिमेंट अजिबात लावू नका. पॅरिसच्या चुनखडीच्या दगडावरही तेच होतं: ओल बाहेर पडायला वाट उरत नाही, क्षार आत साचतात, दगडाचे पापुद्रे सुटतात. मातीच्या जोडाईत तर भिंतच भुसभुशीत होते.

आधी ओल कुठून येते ते शोधा. गावात सिमेंटचा रस्ता एकावर एक चढत जातो, जोतं बुडतं आणि पावसाचं पाणी भिंतीला टेकतं. तिथे उतार व नाली केल्याशिवाय गिलावा टिकत नाही. मग सांधे 2 सेंमी खोल खरवडा, भिंत भिजवा. निदान पंधरा दिवस मुरवलेला चुना 1 भाग, धुतलेली रेती 3 भाग. एका थराची जाडी 1 सेंमीच्या आत ठेवा. वर ओलं गोणपाट सात दिवस. उन्हाळ्यात हे करू नका. आपल्या उन्हात पाणी उडतं, चुना पकडायच्या आतच थर हाताला पावडर सोडतो. दिवाळीनंतर लागा.

वाडा_नोंदवही: रस्त्याच्या बाजूला जोत्याची एकच पायरी वर दिसते, बाकी गाडली गेली. आधी तिथे खणून नाली काढतो.