प्रतिसाद: प्लगइन्स का बंद झाली

प्लगइन्स (ब्राउझरला नसलेली कामं करून देणारे जोड-प्रोग्रॅम) बंद करणं ही ब्राउझर कंपन्यांची मनमानी होती, हा या चर्चेत वर मांडलेला मुद्दा मला पटत नाही. अडचण मूळ रचनेतच होती. नेटस्केप या जुन्या ब्राउझरने नव्वदच्या दशकात आणलेल्या एनपीएपीआय या प्लगइन जोडण्याच्या पद्धतीत प्लगइन म्हणजे संगणकावर चालणारा स्वतंत्र प्रोग्रॅमच. पानात त्याला एक चौकोन मिळायचा, पण त्याचा हात थेट वापरकर्त्याच्या फायलींपर्यंत पोहोचायचा. त्यात एक भोक सापडलं की ब्राउझर स्वतः कितीही सुरक्षित असो, उपयोग शून्य. फ्लॅश (पानात व्हिडिओ, खेळ चालवणारं) आणि जावा (पानात छोटे प्रोग्रॅम चालवणारं) या दोन्ही प्लगइन्समध्ये अशी भोकं वर्षानुवर्षं निघत राहिली. क्रोमने २०१५ मध्ये एनपीएपीआय काढलं, फायरफॉक्सने २०१७ मध्ये (फ्लॅश वगळून). फ्लॅशही २०२० अखेर संपलं.

एक गरज मात्र खरोखर अनाथ झाली. आपल्याकडे ई-निविदा भरताना यूएसबी टोकनवरची (पेनड्राइव्हसारख्या साधनात ठेवलेली) डिजिटल सही जावा अ‍ॅपलेटमधून, म्हणजे पानात चालणाऱ्या छोट्या जावा प्रोग्रॅममधून व्हायची. आजचा ब्राउझर वेबपानाला त्या टोकनशी थेट बोलू देत नाही. म्हणून सहीसाठी वेगळा छोटा प्रोग्रॅम टाकावा लागतो. तो मागे चालू राहतो आणि पान लोकलहोस्टवरून, म्हणजे त्याच संगणकाच्या आतल्या पत्त्यावरून, त्याच्याशी बोलतं. म्हणजे प्लगइन ब्राउझरच्या बाहेर जाऊन बसलं. ब्राउझर स्वतःहून अपडेट होतो, हे प्रोग्रॅम मात्र अनेक ऑफिसांत एकदा टाकले की तसेच पडून राहतात. मला हे जास्त धोक्याचं वाटतं.

जुन्या फ्लॅश खेळांसाठी रफल हे फ्लॅशची नक्कल करणारं सॉफ्टवेअर वापरून बघा. ते वेबअसेंब्लीवर (ब्राउझरच्या आतच प्रोग्रॅम चालवायची सोय) चालतं, त्यामुळे ब्राउझरच्या कुंपणातच राहतं.