मदत हवी आहे: चार सायकली आणि एक गाडी, रॅक कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आमची गाडी सात आसनी, सायकली चार. दोन मोठ्या, दोन मुलांच्या. मोठ्यांतली एक बॅटरीवाली, २२ किलोची. छतावरचा रॅक बाद केला, कारण पुस्तिकेत छतावर जास्तीत जास्त ७५ किलो असं लिहिलंय आणि त्यात रॅकचं वजनही धरायचं. शिवाय २२ किलो डोक्यावर उचलणं आम्हा दोघांनाही जमणार नाही.

मागच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा रॅक मित्राकडून आणून पाहिला. दोनच सायकली चढवल्या, तरी पट्टा सैल पडला आणि पेडलने दाराचा रंग बोटभर खरवडला. फार हळहळ वाटली. नंबरप्लेटही झाकली गेली.

आता हिचवर (गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा आकडा) बसणारा, चाकं खाचेत ठेवायचा रॅक घ्यावा असं वाटतंय. पण हिचलाही भाराची मर्यादा असतेच. चार सायकली आणि रॅक मिळून त्यात बसतात का? धाकटीच्या सायकलला आडवा दांडा नाही, मग पकड कुठे लावायची? आणि रॅक भरलेला असताना तो खाली झुकवून मागचं दार एकट्याला उघडता येतं का? प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी कृपया सांगा, फोटो असेल तर उत्तमच.