सोयाबीन खा, टेन्शन विसरा?

जवसचटणी: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, 'सोया-जवसात नैसर्गिक इस्ट्रोजन, रोज खा, मेंदूवरचा ताण उतरतो.' डोकंच सणकलं. सोयातलं जेनिस्टीन हे इस्ट्रोजन या बायकांच्या हार्मोनसारखं द्रव्य, ते पेशींतल्या इस्ट्रोजनच्या बीटा रिसेप्टरला (हार्मोन पकडणाऱ्या जागेला) चिकटतं, तो हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी-भावनांच्या भागातही असतो, इथवर मान्य. पण उंदरांवरच्या प्रयोगांत भीती कुठे कमी झाली, कुठे वाढली. युगांडात किबालेच्या जंगलातल्या लाल कोलोबस माकडांच्या नरांनी इस्ट्रोजनसारखी द्रव्यं असलेली पानं जास्त खाल्ली, तेव्हा विष्ठेत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, जास्त सापडलं. मारामाऱ्या वाढल्या, एकमेकांच्या उवा काढत बसणं कमी झालं. हाच का तो शांत मेंदू?

रेणूताई: माकडांचं राहू द्या. पाळी जाताना रात्री घामाने उशी भिजायची, दिवसभर चिडचिड. जवस आणि सोया दूध सुरू केल्यावर झोप लागायला लागली. अनुभव आहे, फॉरवर्ड नाही.

जवसचटणी: त्याच सुमारास सासूबाई दवाखान्यातून घरी आल्या, हेही तुम्हीच लिहिलं होतंत.

रेणूताई: घरी आल्या म्हणजे माझं काम वाढलं हो! बाईने काही सांगितलं की लगेच योगायोग.

लातूरचा पोरगा: तुमचा ताण सोयाबीन खाऊन जातो, आमचा विकून वाढतो. २०२४ला हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये. सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या वर भरला, पोती परत. शेवटी आडतीवर मिळेल त्या भावात घातलं.

कोथरूडकर: हमीभावाचा वेगळा धागा काढा.

लातूरचा पोरगा: का? सोयाबीन काय कोथरूडच्या गच्चीत पिकतं? रिफाइंड तेलात आयसोफ्लेव्होन, म्हणजे तुमची ती जेनिस्टीनसारखी द्रव्यं, जवळपास उरतच नाहीत. ते राहतात पेंडीत, आणि पेंड जाते पोल्ट्रीला. शांत झाल्या असतील तर कोंबड्या.

वऱ्हाडी ठेचा: नंतर ओलावा पंधरापर्यंत चालेल म्हणाले ना?

लातूरचा पोरगा: म्हणाले. तोवर घरात माल कुणाच्या उरला होता? दुकानदाराची उधारी थांबते का?

जवसचटणी: पेंडीचं बरोबर आहे. पण मूळ मुद्दा: लॉस एंजेलिसला ३५० बायकांना अडीच वर्षं सोया प्रथिन किंवा दूध प्रथिन दिलं. स्मरण-विचार धरून एकूण आकलनात फरक नाही.

रेणूताई: पाहिलेलं लक्षात ठेवण्यात थोडा फायदा दिसला, ते कुठे गिळलंत? शिवाय सोयातल्या डेडझीन या दुसऱ्या आयसोफ्लेव्होनपासून आतड्यातले जंतू इक्वॉल नावाचं इस्ट्रोजनसारखं द्रव्य बनवतात, ते सगळ्यांच्या आतड्यात बनत नाही. माझ्यात बनत असेल.

जवसचटणी: बरं बाई, थोडा फायदा. तपासून घेतलंत का इक्वॉल?

रेणूताई: तुम्ही घेतलंत?

वऱ्हाडी ठेचा: पोरा, तुमच्याकडे आडतीवर कट्ट्यामागे किती कापतात रे?