बाबांच्या कॅसेटी डिजिटल केल्या, आता त्या टिकवायच्या कशा? बॅकअपबद्दल सल्ला हवाय

मंद्रसप्तक
नमस्कार मंडळी, थोडं लांबेल, पण वाचा प्लीज. बाबांनी साधारण १९७८ ते १९९५ पर्यंत रेडिओवरून टेप केलेलं शास्त्रीय संगीत घरी आहे, आकाशवाणीच्या शनिवार रात्रीच्या मैफिली वगैरे, एकूण १८० कॅसेटी आणि बहुतेक नव्वद मिनिटांच्या. गेलं दीड वर्ष रोज रात्री जेवणं झाली की एक बाजू, असं करत करत त्या सगळ्या ऑडॅसिटीत (आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) घेतल्या, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या मोठ्या फाइल्स. मिनिटाला १७ एमबी धरा, म्हणजे हेच २८० जीबी झालं, शिवाय तीनेकशे सीड्या फ्लॅकमध्ये (आवाज जसाच्या तसा ठेवून लहान केलेली फाइल) रिप केल्यात त्या १०० जीबीच्या आसपास.

हे सगळं एकाच एक्स्टर्नल डिस्कवर आहे. लॅपटॉपवर जागा नव्हती म्हणून तिथलं काढून टाकलं. परवा डिस्क लावली तर टिक... टिक... असा आवाज यायला लागला आणि ती दिसेचना, दोनदा काढली, केबल बदलली, तेव्हा कुठे दिसली. तेवढ्यात हातपाय गार पडले होते माझे. बाबा आता नाहीत, आणि पंचवीसेक कॅसेटींना बुरशी लागलेली होती, त्या कशाबशा एकदा वाजल्या, परत वाजतील असं वाटत नाही.

दुसरी डिस्क घेऊ, नॅस (घरच्या नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा) घेऊ की क्लाउडवर टाकू? बजेट १५ हजार. मी ठाण्यात असतो, भाऊ नाशिकला.

रात्रपाळी
दादा, ती डिस्क सारखी सारखी लावून बघू नका. नवी डिस्क आणा, ती हातात आल्यावरच जुनी लावा आणि सगळ्यात आधी त्या बुरशीवाल्या पंचवीस कॅसेटींच्या फाइल्स कॉपी करा, मग बाकीच्या कॅसेटी, सीड्या सगळ्यात शेवटी कारण त्या परत रिप करता येतील. गाणी वाजवून बघणं, फोल्डर आवरणं हे आत्ता अजिबात नको. कॉपी झाली की क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) टाकून रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे, म्हणजे डिस्कच्या खराब झालेल्या आणि नीट वाचता न येणाऱ्या भागांचे आकडे बघा, ते वाढत असतील तर त्या डिस्कवर पुन्हा काही ठेवू नका. आणि मध्येच टिकटिक परत सुरू झाली तर लगेच बंद करून रिकव्हरीवाल्याकडे न्या.

तोडी_सकाळची
मी दोन डिस्कचं नॅस घेतलंय, रेड १ लावून. एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं असतं, घरातल्या सगळ्यांना टीव्हीवर, फोनवर गाणी ऐकता येतात. मी तर तेच सुचवेन.

रात्रपाळी
ऐकायला मस्तच आहे ताई, पण त्याला बॅकअप म्हणू नका. चुकून एक फोल्डर उडवलं तर दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतं, आणि दोन्ही एकाच डब्यात, एकाच प्लगवर. लाइट जाऊन येताना दणका बसला तर एकदमच बसेल. यांच्या १५ हजारांत दोन साध्या डिस्क घेणं जास्त गरजेचं आहे.

वाशिष्ठीकाठचा
मी चिपळूणचा. माझ्याकडे दोन कॉपी होत्या, एक कपाटाच्या खालच्या खणात आणि एक कॉम्प्युटर टेबलावर. २२ जुलै २०२१ ला पाणी घरात शिरलं, आम्ही माळ्यावर चढलो, आणि दोन्ही कॉपी, मूळ कॅसेटी, सगळं एकाच पाण्यात गेलं. पाणी उतरल्यावर खण उघडला तर डिस्कच्या पाऊचमधून चिखल गळत होता. गावच्या नमनाची आणि जाखडीची वीस वर्षांची रेकॉर्डिंगं होती हो, त्यात म्हणणारी निम्मी माणसं आज नाहीत. बहिणीला पुण्यात ऐकायला म्हणून एक पेनड्राइव्ह दिला होता, त्यावरची चाळीस गाणी तेवढी राहिली. तुमचा भाऊ नाशिकला आहे ना, मग एक डिस्क आजच त्याच्या नावाने धरून ठेवा. कुरियर नको, स्वतः जाऊन द्या.

खमंग_थालीपीठ
वरच्या प्रतिसादाला हजार वेळा अनुमोदन. माझ्याकडून दोन गोष्टी.

एक, कॉपीसाठी फ्रीफाइलसिंक हा प्रोग्राम वापरा, पण मिरर (बॅकअप हुबेहूब मूळ फोल्डरसारखा करणं) करताना जपून. मी एकदा मूळ फोल्डर दुसरीकडे हलवला आणि विसरून मिरर चालवलं, त्याने रिकामा फोल्डर बघून बॅकअपपण रिकामा केला, ६० जीबी नाट्यगीतं दोन मिनिटांत गेली. त्यात डिलीट झालेल्या फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची व्हर्जनिंगची सोय आहे, ती पहिल्या दिवशीच चालू करा.

दुसरं, वेव्हचं फ्लॅक करून टाका, आवाजात काडीचाही फरक पडत नाही. जागा बरीच वाचते, राग, कलाकार, साथीला कोण हे टॅगमध्ये नीट बसतं (वेव्हमध्ये टॅगची बोंब असते), आणि फ्लॅकच्या आतच मूळ आवाजाचा एमडी५ (पडताळणीचा आकडा) असतो, म्हणजे पाच वर्षांनी फाइल जशीच्या तशी आहे का ते टेस्ट कमांड चालवली की कळतं. सगळं मिळून पावणेतीनशे जीबी झालं असं धरलं तर ४० एमबीपीएस अपलोडला हिशेबाने पंधरा तास लागतात, त्यामुळे क्लाउडपण आवाक्यात आहे, पण डिस्कचं काम आधी.

आणि कॅसेटीच्या आतल्या कागदांचे फोटो काढलेत का? बाबांच्या अक्षरात तारीख, राग लिहिलेलं असेल तर तेही त्याच फोल्डरमध्ये जायला हवं.

मंद्रसप्तक
सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देतो. शनिवारी दोन डिस्क आणल्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, रात्री दोनपर्यंत कॉपी करत बसलो. बुरशीवाल्या २५ पैकी २३ कॅसेटींच्या फाइल्स पूर्ण आल्या, उरलेल्या दोघींची प्रत्येकी एक बाजू कॉपी होताना अर्ध्यावर अडकते. पेंडिंग सेक्टर १९२ दाखवतोय. बाकी सगळं आलं. फ्लॅक करतोय, रविवारी एक डिस्क घेऊन नाशिकला जातोय, भावाच्या लॅपटॉपवर चार-पाच फाइल्स उघडून, ऐकून मगच परतेन. दर सहा महिन्यांनी डिस्कांची अदलाबदल करायची असं आमचं ठरलंय.

कागदांचं डोक्यातच आलं नव्हतं. काल बसलो, एका कागदावर बाबांनी लिहिलंय, 'बी बाजू, विलंबितानंतर वीज गेली, द्रुत अर्धवट'. मी दीड वर्ष ते माझ्याच रेकॉर्डिंगमधली चूक समजत होतो. आता सगळ्या १८० कागदांचे फोटो काढतोय.

राहिलेल्या त्या दोन कॅसेटींचं काय करू? एक मल्लिकार्जुन मन्सूरांच्या गाण्याची आहे.

रात्रपाळी
तशाच वाजवू नका, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटींनापण लागते. स्क्रूवाली रिकामी कॅसेट घ्यायची, टेप त्यात हलवायची, मास्क लावून, दोन्ही बाजू मऊ कोरड्या कापडाने हलक्या हाताने पुसायच्या, मग एकदाच वाजवायची आणि तेव्हा रेकॉर्डिंग चालूच ठेवायचं. मी कळव्याला असतो, डेक आहे, असल्या डझनभर कॅसेटी केल्यात. नाशिकहून आलात की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, त्या दोन घेऊन या, बसून करू.