अमायलॉइड दिसलं म्हणजे अल्झायमर झालाच असं नाही
पेट स्कॅनमध्ये (किंचित किरणोत्सारी द्रव्य, म्हणजे ट्रेसर, टोचून काढलेल्या मेंदूच्या चित्रात) अमायलॉइड हे साचणारं प्रथिन दिसलं की अल्झायमर पक्का, असं म्हटलं जातं. इथे जरा थांबायला हवं. स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्या अनेक वृद्धांच्या मेंदूतही अमायलॉइड साचलेलं दिसतं. उलट स्कॅन निगेटिव्ह आला, तर विसराळूपणाचं कारण बहुधा दुसरीकडे शोधावं लागतं. माझ्या मते या तपासणीचा खरा उपयोग तिथेच आहे.

लक्षणांशी जास्त जुळतं ते टाऊ, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं दुसरं प्रथिन. मेंदूच्या ज्या भागात ते साचतं, साधारण त्याच भागाचं काम बिघडत जातं. टाऊ दाखवणाऱ्या फ्लोरटाउसिपिर या ट्रेसरला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली, अमायलॉइडसाठीच्या फ्लोरबेटापिरला २०१२ मध्येच.

आणि अमायलॉइड दाखवणारा दुसरा ट्रेसर, 'पिट्सबर्ग कंपाउंड बी', सगळीकडे का वापरत नाहीत? त्यातल्या किरणोत्सारी कार्बन-११चं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा वेळ) जेमतेम २० मिनिटं! म्हणजे तो बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, जवळपास शेजारीच हवं. फ्लोरबेटापिरमधल्या फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं, त्यामुळे ते बनवून दुसऱ्या गावी पाठवता येतं.

पार्किन्सनचं म्हणाल, तर त्यात साचणारं प्रथिन, अल्फा-सिन्युक्लिन, दाखवणारा ट्रेसर अजून रोजच्या वापरात नाही. तिथे स्कॅनमध्ये डोपामिन (मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन) बनवणाऱ्या चेतापेशी किती उरल्यात यावरूनच अंदाज बांधावा लागतो.