विषय: मराठी शाळेचं मूडलवरचं पान – आराखड्यावर मत हवं

प्रेषक: दादा, शाळा समिती

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरपासून आपल्या अमेरिकेतल्या मराठी शाळेचा दुसऱ्या पातळीचा वर्ग मूडलवर, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायच्या प्रणालीवर, चालेल. पानाचा कच्चा आराखडा तयार आहे, लिंक खाली जोडली आहे. मुंबईहून शिकवणाऱ्या ताईंनी तो बघून मोकळेपणाने मत द्यावं. गेल्या वर्षी पालकांचं सांगणं एकच होतं: साहित्य भरपूर आहे, पण या रविवारसाठी मुलाने नेमकं काय करायचं ते सापडत नाही.

प्रेषक: ताई, मुंबई

नमस्कार दादा, आणि सगळ्यांना नमस्कार.

आराखडा नीट पाहिला. साहित्यामागची मेहनत दिसते आणि त्यातलं काहीही टाकून द्यावं असं मला वाटत नाही. बदलायला हवी ती मांडणी. आत्ता विभाग आहेत व्हिडिओ, पीडीएफ, क्विझ आणि गृहपाठ. ही आपल्या कपाटातली मांडणी झाली. आपल्याला ती सोयीची आहे, पण नऊ वर्षांच्या मुलाला एकाच धड्यासाठी चार विभागांत शोधाशोध करावी लागते, आणि तिसऱ्या विभागापर्यंत तो कंटाळतो.

मूडलमध्ये आठवड्यांप्रमाणे विभाग करता येतात. वर्ग सुरू होण्याची तारीख एकदा भरली की चालू आठवडा पानावर आपोआप उठून दिसतो. तोच प्रकार घेऊ या. त्या आठवड्याचं सगळं एकाच विभागात, ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने वरून खाली: ऐका, वाचा, लिहा, पाठवा. पुढचे आठवडे तोपर्यंत लपवून ठेवा. पान उघडल्यावर मुलाला पहिल्याच नजरेत ‘आज मी काय करू?’ याचं उत्तर मिळालं पाहिजे. स्वागताचा लांब मजकूर आणि समितीची माहिती वेगळ्या पानावर गेली तरी कुणाचं अडणार नाही.

विभागांना ‘आठवडा ३’ एवढंच नाव देऊ नका. उदाहरणार्थ, जोडाक्षरांच्या आठवड्याचं नाव ‘चर्चगेट ते दादर’ ठेवू. पश्चिम रेल्वेची ही नऊ स्टेशनं मी मुद्दाम निवडली आहेत: चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, दादर. ‘र’ची बहुतेक रूपं यात भेटतात. मरीन आणि परळमध्ये अख्खा र, चर्चगेट आणि चर्नीत रफार, ग्रँट आणि प्रभादेवीत पायाला तिरपी रेघ, सेंट्रलमध्ये ‘ट’खालचं टोपीसारखं रूप. शिवाय महालक्ष्मीतलं ‘क्ष्म’ बक्षीस म्हणून मिळतं! मूल आधी ‘पुढील स्टेशन…’ ऐकेल, मग पाटीचा फोटो पाहून नाव वाचेल, मग ‘र’ कुठे आहे ते दाखवेल, आणि शेवटी स्वतःच्या आवाजात घोषणा रेकॉर्ड करून पाठवेल. मूडलच्या मजकुराच्या चौकटीतच आवाज रेकॉर्ड करायची सोय आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही.

जोडाक्षरांचा आत्ताचा व्हिडिओ अर्ध्या तासाचा आहे. तो तोडाच. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांमधली व्हिडिओ पाहण्याची ६९ लाख सत्रं तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहणाऱ्यांच्या गुंतून राहण्याच्या वेळेचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. ती माणसं मोठी आणि आपण होऊन शिकायला आलेली. आपली मुलं तर रविवारी सकाळी आईबाबांनी उठवलेली असतात. चार-पाच मिनिटांचे तुकडे करू, आणि प्रत्येक तुकड्यानंतर एक छोटं काम देऊ.

दिसण्याबद्दल. पांढऱ्यावर भगव्या अक्षरांतली शीर्षकं मनाला भावतात, पण वाचवत नाहीत. वेबवरच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ : १ असावा असा आंतरराष्ट्रीय निकष आहे, आणि हा भगवा त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. अक्षरं काळी ठेवा, भगवी पट्टी वरच्या कडेला घ्या. फॉन्ट ‘मुक्ता’ चालेल. तो आपल्या मुंबईतल्या ‘एक टाइप’ने केला आहे आणि मोफत मिळतो. ओळींमध्ये मात्र इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा. नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात, आणि नुकतंच वाचायला लागलेलं मूल तिथेच अडतं.

वेळ कधीही मजकुरात टाइप करू नका. गृहपाठाची मुदत मुदतीच्याच रकान्यात भरा, म्हणजे ज्याच्या-त्याच्या प्रोफाइलमधल्या टाइमझोनप्रमाणे मूडल ती दाखवतं. अमेरिकेच्या सेंट्रल टाइमने तुमचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात माझे संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमची घड्याळं मागे गेली की साडेआठ. आमची घड्याळं बदलत नाहीत.

आता माझ्या मनातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आपल्या पुष्कळ मुलांचा खरा मराठी सराव मुंबईतल्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर होतो. गिरगावात किंवा पार्ल्यात बसलेल्या आजीला हे पान तिच्या फोनवर दिसायला हवं. या आठवड्यात नातवाला काय विचारायचं, हे तिला कळलं तर अर्धं काम झालं. मूडलमध्ये पाहुण्यांना पासवर्ड देऊन पान दाखवता येतं. त्यांना साहित्य वाचता-ऐकता येतं, गृहपाठ मात्र पाठवता येत नाही, आणि तेच बरं. प्रत्येक आठवड्याच्या वरच एक ओळ टाकू: ‘आजी-आजोबांसाठी: आज हे विचारा.’

प्रेषक: एक पालक

ताई, आठवड्यांची मांडणी अगदी पटली. पण मुलांना हलतं-डोलतं काहीतरी लागतं. माझी लेक इंग्रजी अ‍ॅपवर तासन्‌तास रमते. आपणही बॅज, गुणांचा फलक, पार्श्वसंगीत ठेवू या ना? नाहीतर पुन्हा शाळाच होईल.

प्रेषक: ताई, मुंबई

तुमची काळजी मला मनापासून पटते. मुलं रमली नाहीत तर बाकी सगळं व्यर्थ आहे. तरी संगीत आणि हलती चित्रं नकोत, असंच मी म्हणेन. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलंय की विषयाशी संबंध नसलेली सजावट शिकण्याला मदत करत नाही, उलट लक्ष फोडते. चित्र हवंच, पण ते त्या शब्दाचं हवं.

बॅज ठेवू या. स्वतःचा आठवडा पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला तो मिळावा. गुणांच्या फलकाला मात्र माझा ठाम विरोध आहे. आपल्या वर्गात काही घरांत दोघंही मराठी बोलतात, काही घरांत एकच जण. फलकावर कोण वर राहणार हे पहिल्याच रविवारी ठरून जाईल, आणि ज्या मुलाला आपली सर्वांत जास्त गरज आहे तेच मूल खाली दिसेल.

मुलं रमतील ती त्यांचं स्वतःचं काही पानावर दिसलं की. ‘चर्चगेट ते दादर’च्या आठवड्यात प्रत्येकाने घरच्या मोठ्यांना एकच प्रश्न विचारायचा: ‘तुम्ही कामाला जाताना कुठल्या स्टेशनवर उतरायचात?’ उत्तर रेकॉर्ड करून पानावर ठेवायचं आणि दुसऱ्या कुणाचं तरी एक ऐकायचं. बाकीचा वर्ग मी त्या आवाजांवरच घेईन.

स्टेशनांच्या पाट्यांचे फोटो येत्या रविवारी काढते, सकाळी गर्दी कमी असते. दादा, तोवर एवढा एकच आठवडा नव्या मांडणीत लावून बघा आणि दोन-तीन मुलांसमोर ठेवा. त्यांना काही सांगू नका, फक्त कुठे अडतात ते लिहून मला कळवा.